गाडी नीट झाली. मग डिझेल का वाढले?

गॅरेजमधून गाडी घरी येते तो दिवस बहुतेक घरांत समाधानाचा असतो. आठवडाभर एसटीने आणि रिक्षाने केलेली धावपळ संपलेली असते, बिल भागवलेले असते, इंजिनाचा आवाजही सुधारल्यासारखा वाटतो. पंधरा दिवसांनी मात्र नवीच तक्रार सुरू होते. पंपावर पूर्वीपेक्षा लवकर जावे लागते.

'मिस्त्री, कामाच्या आधी गाडी अठरा देत होती. आता चौदावर आली की हो!' मालक म्हणतात.

'नवीन काम हाय मालक, जरा पळू द्या. हजार-दीड हजार किलोमीटर झालं की इंजिन सुटंल,' मिस्त्री उत्तर देतात.

सातारा-कराडपासून सांगली-मिरजेपर्यंत कुठल्याही गॅरेजच्या दारात हा संवाद कानी पडतो. मालकांनी चौदाचा आकडा कसा काढला हे मिस्त्री विचारत नाहीत, आणि मिस्त्रींनी कामात नेमके काय काय उघडले होते हे मालक विचारत नाहीत. खरे तर या दोन प्रश्नांच्या उत्तरांतच बहुतेक वेळा दोष सापडतो.

अठराचे चौदा होणे म्हणजे किती, हे आधी पाहू. साताऱ्याहून कराड, पेठ नाका, आष्टा या मार्गाने सांगली साधारण १२० किलोमीटर. अठराच्या हिशेबाने या प्रवासाला पावणेसात लिटरच्या आसपास डिझेल लागते, चौदाच्या हिशेबाने साडेआठ लिटरहून थोडे अधिक. म्हणजे एका खेपेला जवळजवळ दोन लिटर जादा. ज्यांची गाडी वर्षातून चार वेळा देवदर्शनाला बाहेर पडते, त्यांना हा फरक थोडा बोचेल इतकेच. पण जो रोज वडाप करतो किंवा भाड्याने गाडी चालवतो, त्याची गोष्ट वेगळी. महिन्याला तीन हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीला या हिशेबाने ४७ लिटर डिझेल जास्त लागते. एखाद्या घराचा महिन्याचा किराणा त्यात निघून जातो. शिवाय वर्षानुवर्षांचा मिस्त्रीही तुटतो. संशय आला की मालक गॅरेज बदलतात, नवा मिस्त्री आधीच्याचे काम पुन्हा उघडतो, आणि मूळ दोष तसाच राहून दुसऱ्या बिलाची भर पडते.

इंजिनांचा मुलूख

डिझेल इंजिन या भागाला नवे नाही. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३०च्या दशकातच डिझेल इंजिने बनू लागली होती. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर वसवलेली किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. त्याच घराण्याने १९४६ साली पुण्यात 'किर्लोस्कर ऑइल इंजिन्स' ही कंपनी काढली. पुढे कृष्णा-वारणाकाठच्या मळ्यांत विहिरीवरच्या इंजिनाचा ठकठक आवाज घराघरांच्या ओळखीचा झाला. धुराचा रंग पाहून आणि आवाज ऐकून इंजिनाची नाडी ओळखणारे मिस्त्री याच मातीत तयार झाले.

सामान्य कुटुंबाच्या मोटारीत मात्र डिझेल उशिरा आले. टाटांची सुमो १९९४ साली रस्त्यावर आली आणि १९९८च्या अखेरीस इंडिका. त्यानंतर छोटी डिझेल मोटार मध्यमवर्गीयांच्या अंगणात दिसू लागली. १ एप्रिल २०२० पासून धुराविषयीचे 'भारत स्टेज सहा'चे कडक नियम लागू झाले, तेव्हा मारुतीने डिझेल मोटारी बनवणे बंद केले. इतर काही कंपन्यांनीही छोट्या डिझेल मोटारी गुंडाळल्या. त्यामुळे आज अंगणात उभ्या असलेल्या छोट्या डिझेल मोटारींपैकी बऱ्याच वयाने मोठ्या आहेत, आणि जुनी गाडी म्हटली की दुरुस्ती आलीच.

आधी मोजा

डिझेल खरोखरच वाढले आहे का, हा पहिला प्रश्न. 'हजाराचे टाकले आणि इतके पळाली' या हिशेबावर विसंबणे धोक्याचे. टाकी भरताना डिझेलला फेस येतो, गाडी थोडी तिरकी उभी असते, एखादा पंपवाला पहिल्या 'टक्'ला थांबतो तर दुसरा राउंड फिगरसाठी आणखी ओततो. एवढ्याने एका लिटरचा फरक सहज पडतो. दहा लिटरच्या मोजणीत हा एक लिटर म्हणजे दहा टक्के. चाळीस लिटरच्या मोजणीत तोच अडीच टक्क्यांवर येतो. म्हणून एकाच पंपावर, सपाट जागी गाडी उभी करून, पहिल्या 'टक्'पर्यंत टाकी भरावी. किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. टाकी बरीचशी संपली की त्याच पंपावर तशीच भरावी. असे सलग तीनदा करून किलोमीटरची बेरीज लिटरच्या बेरजेने भागावी. येणारा आकडा भरवशाचा.

पंपाच्या मापाबद्दलच शंका असेल, तर प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप असते. ते मागून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. याहून अधिक फरक दिसला, तर दोष इंजिनात शोधायचे कारण नाही.

रस्ताही हिशेबात धरावा लागतो. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे, सांगली साडेपाचशेच्या आसपास. माणसांनी भरलेली चौदाशे किलोंची गाडी दीडशे मीटर वर चढवायला अंदाजे २०० मिलिलिटर डिझेल जास्त लागते. म्हणजे सांगलीला जाताना साडेअठरा देणारी गाडी परतताना साडेसतराच देईल, आणि तिच्यात काहीही बिघडलेले नसेल. खंबाटकी घाट किंवा महाबळेश्वरची चढण असेल तर फरक आणखी मोठा. म्हणून मोजणी जाऊन-येऊन अशीच करावी आणि कामाआधीचा आकडाही त्याच रस्त्यावरचा असावा.

काही वेळा डिझेल तितकेच लागते, किलोमीटर तेवढे कमी दिसतात. दुरुस्तीच्या निमित्ताने थोडे मोठे टायर बसवले असतील, तर चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते, पण मीटर जुन्याच मापाने मोजतो. टायरचा घेर पाच टक्क्यांनी वाढला तर शंभर किलोमीटर चाललेली गाडी मीटरवर पंचाण्णवच दाखवते. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून पाहिला की हे लगेच कळते. नव्या गाड्यांत काचेमागच्या पडद्यावर अ‍ॅव्हरेजचा आकडा उमटतो. अनेक गाड्यांत बॅटरीची वायर काढून जोडली की तो पुसला जातो आणि मोजणी नव्याने सुरू होते. पहिले काही दिवस गावातल्या गावात फिरणे झाले, तर तो आकडा साहजिकच कमी दिसतो.

आणि आपली स्वतःची सवय? एसीचे काम करून घेतले की एसी चालू राहतो. पिकअप सुधारला की पाय जड होतो. पूर्वी सत्तरवर थरथरणारी गाडी आता शंभरने सुसाट निघते. वेग वाढतो त्याहून किती तरी जास्त पटीने हवेचा विरोध वाढतो. पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग ठेवा असे वर्षानुवर्षे सांगत आली आहे, ते उगाच नव्हे. महामार्गावर इतके हळू जाणे प्रत्येकाला जमणार नाही. पण दुरुस्तीआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना एकाच वेगाने करणे सर्वांना जमेल.

मग विचारा, काय काय उघडले?

नीट मोजूनही दहा टक्क्यांच्या वर घट दिसली, तर दोष आहे असे समजावे. आता बिल समोर ठेवावे. मात्र दोष कुठे शोधायचा हे कळण्यासाठी डिझेल इंजिनाची एक खोड लक्षात घ्यावी लागते. या इंजिनात आधी नुसती हवा कोंडली जाते. ती दाबामुळे इतकी तापते की ऐन वेळी फवारलेले डिझेल ठिणगीशिवाय पेट घेते. म्हणजे भरपूर हवा, पुरेसा दाब, बारीक फवारा आणि अचूक वेळ, ही चार कामे नीट झाली तर डिझेलचा थेंबन् थेंब कामी येतो. यांतले एक जरी चुकले तरी इंजिन चालते. फक्त तेवढ्याच ओढीसाठी जास्त डिझेल जाळते.

इंजिनाचे पूर्ण काम झाले असेल, तर मिस्त्रींचे 'पळू द्या' हे म्हणणे काही अंशी खरे आहे. नव्या रिंगा बोअरमध्ये बसेपर्यंत घर्षण जास्त असते. पण हे अ‍ॅव्हरेज हळूहळू सुधारत गेले पाहिजे. पहिल्या टाकीला चौदा, दुसरीला पंधरा, तिसरीला साडेपंधरा असे दिसत असेल तर धीर धरावा. दीड-दोन हजार किलोमीटर होऊनही आकडा हलत नसेल, तर नव्या कामाकडे बोट दाखवून भागणार नाही.

टायमिंग बेल्ट बदलला असेल, तर संशयाची सुई वेळेकडे वळते. बेल्ट एका दात्याने पुढे-मागे बसला तरी अनेक गाड्या सुरू होतात आणि चालतातही, पण ओढ कमी होते. जुन्या धर्तीच्या पंपाच्या गाड्यांत पंप किंचित फिरवून फवाऱ्याची वेळ जुळवतात. हे काम डायल गेज लावून, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबात करायचे असते. नुसत्या आवाजावर ते केले, की वेळ थोडी मागे राहते, डिझेल उशिरा जळते, आणि बरीच उष्णता सायलेन्सरवाटे निघून जाते.

पंप-नोझलचे काम झाले असेल, तर एक प्रश्न स्पष्ट विचारावा : 'पंपाचे डिझेल वाढवले आहे का?' गाडी ओढत नाही अशी तक्रार घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाला खूश करण्याचा हा सोपा उपाय असतो. स्क्रू थोडा फिरवला की पिकअप वाढतो. पण वाढलेल्या डिझेलला पुरेशी हवा मिळत नाही, आणि चढावर मागे काळ्या धुराचा लोट दिसतो. नोझल टपकत असेल, त्याचा फवारा जाड पडत असेल, तरी हेच होते. नोझल काढून टेस्टरवर लावले की फवारा डोळ्यांनी दिसतो. याच कामात नळ्यांचे जोड सैल राहू शकतात. सेकंदाला एक थेंब गळला तरी तासाला शंभर मिलिलिटरच्या आसपास डिझेल वाया जाते. रात्री इंजिनाखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवले, की सकाळी उत्तर मिळते.

रेडिएटर किंवा हेडचे काम झाले असेल, तर थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते पाहावे. 'गाडी तापू नये' म्हणून ही छोटीशी झडप काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. इंजिन लवकर गरम व्हावे आणि ठराविक तापमानावर राहावे, यासाठीच ती बसवलेली असते. ती काढली की थंडीतल्या सकाळी काटा अर्ध्यावरही येत नाही. थंड इंजिन डिझेल जास्त खाते आणि झिजतेही लवकर. पंधरा-वीस किलोमीटर धावूनही काटा खालीच राहत असेल, तर इथे थांबून चौकशी करावी.

टर्बोची गाडी असेल, तर हवेच्या जाड रबरी नळ्या आणि त्यांच्या क्लिपा तपासाव्यात. इंजिनाच्या बऱ्याच कामांत त्या काढाव्या लागतात. क्लिप सैल राहिली की दाबलेली हवा वाटेतच निसटते, सूं असा आवाज येतो, ओढ कमी होते आणि धूर काळा होतो. हा दोष पाच मिनिटांत आणि एका स्क्रू ड्रायव्हरने दुरुस्त होतो.

इंजिनाला हातच लावला नसेल, नुसते ब्रेक, बेअरिंग किंवा सस्पेन्शनचे काम झाले असेल, तरीही डिझेल वाढू शकते. ब्रेक थोडे धरून राहिले, हँडब्रेकची तार जास्त ओढली गेली, चाकांची अलाइनमेंट बिघडली, की गाडी आपल्याच चाकांशी झुंजत चालते. दहा किलोमीटर, शक्यतो ब्रेक न दाबता, गाडी चालवून चारही चाकांजवळ तळहात न्यावा. चाकाला हात लावू नये, भाजेल. एक चाक इतरांपेक्षा जास्त तापले असेल, तर तेच गुन्हेगार. टायरची हवाही याच वेळी पाहावी. चारही चाकांत एक पौंड हवा कमी असली तर सुमारे ०.२ टक्के इंधन जास्त लागते, असा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अंदाज आहे. दहा पौंड कमी असतील तर दोन टक्के इथेच गेले.

धूरही बोलतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर न जळलेले डिझेल किंवा पाणी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. गॅरेजात जाताना 'अ‍ॅव्हरेज देत नाही' एवढेच सांगण्यापेक्षा 'चढावर काळा धूर येतो' असे सांगितले, तर मिस्त्रींचे अर्धे काम होते.

पुरात बुडालेल्या गाड्या

सांगलीकरांना याबाबतीत वेगळाच अनुभव घ्यावा लागला. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा मोठा पूर आला. अशा पुरात दारातल्या मोटारी पाण्याखाली जातात, नंतर धुऊन, वाळवून, ऑइल बदलून पुन्हा सुरू होतात. गाडी सुरू झाली याचाच आनंद इतका असतो, की पुढचे दोष नजरेआड राहतात.

पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना कोणी किल्ली फिरवली, तर वर येणारा पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. तो थोडाच वाकला असेल तर इंजिन चालू राहते, पण त्या सिलिंडरमध्ये पिस्टन पूर्ण वर पोहोचत नाही आणि दाब कमी पडतो. अशी गाडी सकाळी सुरू होताना थरथरते, पांढरा धूर सोडते आणि डिझेल जास्त खाते. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजणारी कॉम्प्रेशन टेस्ट केली की हे उघडे पडते. पुराचा गाळ ब्रेकच्या ड्रममध्ये आणि बेअरिंगमध्ये बसतो, हँडब्रेकची तार गंजते, वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरशी चढते. यांतली प्रत्येक गोष्ट थोडेथोडे डिझेल मागते. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही सीटखालचे पत्रे आणि पट्ट्यांची टोके एकदा पाहून घ्यावीत. गाळाची रेघ सहसा तिथे राहून जाते.

संगणकाचे इंजिन

कॉमन रेल पद्धतीच्या गाड्यांत फवाऱ्याची वेळ आणि मात्रा संगणक ठरवतो. तिथे स्क्रू फिरवण्याची सोय नाही, पण चुका होतातच. अनेक गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरवर एक सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो. नवा इंजेक्टर बसवल्यावर तो क्रमांक संगणकाला कळवावा लागतो. ते राहिले तर संगणक जुन्याच इंजेक्टरच्या हिशेबाने डिझेल सोडतो. तापमानाचा सेन्सर चुकीचा आकडा देत असेल, तर संगणक इंजिनाला थंडच समजत राहतो. नव्या गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते आणि ती जाळून साफ करायला अधूनमधून जादा डिझेल लागते. ही सफाई वारंवार होऊ लागली, तर काजळी जास्त का होते याचा शोध घ्यावा लागतो.

अशा वेळी स्कॅनर लावतात. पण स्कॅनरवर दिसणारा दोषाचा क्रमांक ही फक्त दिशा असते. 'हवा कमी' असे यंत्राने दाखवले म्हणून महागडा सेन्सर बदलला आणि शेवटी फाटकी नळी सापडली, असे होऊ नये. नळी आधी पाहावी.

गॅरेजच्या दारात

या सगळ्यातून साधा क्रम निघतो. आधी तीन टाक्यांची मोजणी. मग फुकटातल्या तपासण्या : टायरची हवा, गळती, तापलेले चाक, तापमानाचा काटा, एअर फिल्टर, नळ्यांच्या क्लिपा. मग थोड्या खर्चाच्या : अलाइनमेंट, स्कॅनर, नोझल टेस्ट, टायमिंगची पडताळणी, कॉम्प्रेशन. इंजिन पुन्हा उघडण्याचा विचार सर्वांत शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार कामे एकदम केली तर गुण कशाचा आला हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा चारही बिले भरावी लागतात.

गाडी कामाला सोडण्याआधीच काही गोष्टी कराव्यात. शेवटच्या तीन टाक्यांचा हिशेब वहीत असू द्यावा. कोणकोणते भाग उघडले ते बिलावर लिहून घ्यावे. काढलेले जुने भाग परत मागावेत. यात मिस्त्रींचा अपमान नाही. चांगला मिस्त्री स्वतःच जुना भाग हातात देऊन झीज कुठे आहे ते दाखवतो.

परत जाताना 'तुम्ही गाडी बिघडवलीत' या वाक्याने सुरुवात केली, की मिस्त्री बचावाला उभे राहतात आणि तपास तिथेच थांबतो. त्याऐवजी वही पुढे करावी. 'मिस्त्री, याच रस्त्यावर, याच वेगाने आधी अठरा होते, आता तीन टाक्या चौदा येतायत. चढावर काळा धूर हाय. एकदा नळ्या आणि पंप बघा,' असे म्हणावे. आपल्याकडचे बहुतेक मिस्त्री कामाचे अभिमानी असतात. आकडा समोर आला की तेच बॉनेट उघडतात. चूक त्यांची निघाली तर ती दुरुस्त करून घेण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दोष टायरच्या हवेत किंवा आपल्याच जड पायात निघाला, तर वर्षांची ओळख तुटता तुटता राहिली असे समजावे.

गाडीच्या कप्प्यात दहा रुपयांची एक वही आणि पेन आजच ठेवावे. पुढच्या वेळी टाकी भरल्यावर तिच्यात तारीख, किलोमीटर आणि लिटर असे तीन आकडे लिहावेत. एवढे केले, की घरातल्या शाळकरी मुलालाही भागाकार करून अ‍ॅव्हरेज सांगता येईल.